उन्हाळ्यात तुटणारी आणि पावसाळ्यात फुटणारी छाप: हातठशाच्या कार्डांवरील नेहमीच्या तक्रारीचे निवारण

हाताने कोरलेल्या ठशांनी छोटी चित्रकार्डे छापून ती एकमेकांना पाठवणाऱ्या मराठवाड्यातील मंडळींची एक तक्रार ठरलेली आहे आणि ती वर्षातून दोनदा येते. वैशाखात छाप तुटक उमटते, म्हणजे भरीव भागात पांढरे ठिपके राहतात, बारीक रेषा मध्येच नाहीशी होते आणि एक बाजू ठळक तर दुसरी पुसट येते. श्रावणात तोच ठसा, तीच शाईची गादी आणि तोच कागद असूनही शाई रेषेबाहेर फुटते, दोन दिवस वाळत नाही आणि पाकिटातून निघताना शेजारच्या कार्डाच्या पाठीवर आपली नक्कल सोडून येते. अशा वेळी बहुतेक जण ठशाला दोष देतात आणि नवा ठसा कोरायला बसतात. माझे मत असे की दहापैकी आठ-नऊ वेळा ठसा निर्दोष असतो. तक्रार पुन्हा पुन्हा येते याचे खरे कारण म्हणजे आपण मे महिन्यात केलेला उपाय गादीत तसाच राहतो आणि जुलैमध्ये तोच दुखणे होऊन बसतो.

ही कार्डे २.५ इंच × ३.५ इंच, म्हणजे सुमारे ६४ × ८९ मिलिमीटर या मापाची असतात. अदलाबदलीच्या कार्डांची ही प्रथा १९९७ साली स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरात एम. वेंची स्टिर्नेमान या कलावंताने सुरू केली आणि कार्ड विकायचे नाही, फक्त बदल्यात द्यायचे, हा या प्रथेचा मूळ नियम आजही बहुतेक ठिकाणी पाळला जातो. ए-४ कागदातून या मापाची बरोबर नऊ कार्डे निघतात आणि कार्डे जपून ठेवण्याच्या प्लास्टिकच्या पानांतही नऊच खण असतात, त्यामुळे नऊ कार्डांचा संच करण्याची पद्धत आपल्याकडेही रुळली आहे. संचातील प्रत्येक कार्ड वेगळ्या माणसाकडे जाणार असल्यामुळे पहिले सुबक आणि नववे पुसट असे चालत नाही, आणि म्हणूनच छापेतील अनियमितपणा इथे एरवीपेक्षा जास्त जाचतो.

आधी दोष कुठे आहे ते ठरवावे

कोणताही उपाय करण्यापूर्वी एक साधी चाचणी करावी. ठसा ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यावा. सकाळी लवकर, पंखा बंद ठेवून, तो तीन कागदांवर छापावा: झेरॉक्सचा साधा कागद, चित्रकलेच्या वहीतील कार्ट्रिज कागद आणि आपण कार्डांसाठी वापरतो तो जाड कागद. प्रत्येक छापेआधी ठसा गादीवर नव्याने टेकवावा आणि छापेखाली पेन्सिलीने कागद, शाई आणि वेळ लिहून ठेवावी. हेच तीन कागद दुपारी तीनच्या सुमारास पुन्हा छापावेत.

आता या सहा छापा शेजारी ठेवून पाहाव्यात. सहाही छापांत त्याच जागी पांढरे राहिले असेल, तरच ठशात खड्डा आहे किंवा तो वाकडा बसवला गेला आहे असे समजावे. पांढरे ठिपके दर वेळी वेगळ्या जागी येत असतील, तर शाई लावण्याची किंवा दाबण्याची पद्धत चुकते आहे. झेरॉक्सवर छाप चांगली आणि कार्डावर वाईट असेल, तर दोष कागदाचा. सकाळची छाप चांगली आणि दुपारची वाईट असेल, तर हवेचा. एवढे कळल्यावर अर्धे काम संपते, पण नेमकी ही पायरी गाळून लोक थेट कटर हातात घेतात.

कागदासाठी आणखी एक परीक्षा आहे. कार्डाच्या कागदावर पाण्याचा एक थेंब सोडावा. थेंब मण्यासारखा तसाच उभा राहिला, तर कागदावर चिकणा लेप आहे आणि शाई त्यात मुरणार नाही. थेंब क्षणात पसरून नाहीसा झाला, तर कागदाला खळ नाही आणि शाई त्यावर फुटणारच. थेंब थोडा वेळ थांबून सावकाश मुरला, तर कागद छपाईला योग्य आहे.

वैशाखातील तुटक छाप

स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या गादीची शाई बहुधा पाण्यावर आधारलेली असते. ठशाच्या उंच भागावर तिचा जो थर बसतो तो अतिशय पातळ असतो. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो आणि दुपारची हवा इतकी कोरडी असते की गादीवरून उचललेला ठसा कागदावर नीट धरून जागा पाहीपर्यंत तो थर चिकट होऊन बसतो. अर्धवट वाळलेली शाई काही कागदावर उतरते आणि काही ठशालाच धरून राहते, म्हणून छाप तुटते. वेरूळच्या कैलास लेण्याची भरीव काळी आकृती कोरली असेल, तर हा दोष सर्वांत आधी दिसतो, कारण सलग काळ्या भागात एक पांढरा ठिपकाही डोळ्यांत भरतो. बीबी का मकबऱ्याच्या जाळीसारखे बारीक नक्षीकाम उन्हाळ्यात उलट बरे उमटते. त्याची पाळी पावसाळ्यात येते.

यावर पहिला उपाय म्हणजे वेळ बदलणे. उन्हाळ्यात छपाई सकाळी आठच्या आत उरकावी, दुपारचा वेळ कागद कापण्यास आणि कोरण्यास ठेवावा. कागदाची जागा आधी पेन्सिलीच्या खुणांनी पक्की करावी, म्हणजे शाई लावलेला ठसा हातात धरून विचार करत बसावे लागत नाही. गादी वापरात नसताना डब्यात उलटी ठेवावी, त्यामुळे शाई तळाशी न बसता वरच्या कापडाकडे राहते. कापड कोरडे वाटू लागले की आदल्या रात्री त्यावर त्याच जातीच्या शाईचे थोडे थेंब सगळीकडे सारखे टाकून झाकण लावून ठेवावे. सकाळी शाई टाकून लगेच छापायला बसल्यास गादीवर ओली बेटे तयार होतात आणि छाप एकीकडे थबथबते, तर दुसरीकडे कोरडी राहते.

दुसरा उपाय फुकटचा आहे आणि मला तो सर्वांत आवडतो. शाई लावलेला ठसा तोंडाजवळ धरून त्यावर चष्म्याची काच पुसताना सोडतो तशी उबदार वाफ एकदा सोडावी आणि लगेच छापावे. श्वासातील ओलाव्याने पाण्याची शाई पुन्हा सैल होते. तेलकट किंवा स्पिरिटच्या शाईवर याचा काही उपयोग होत नाही. फुंकर मात्र मारू नये, कारण फुंकरीने शाई वाळते.

तिसरा उपाय म्हणजे गादीत ग्लिसरीनचे दोन-चार थेंब घालणे. तो गुणकारी आहे यात शंका नाही, कारण ग्लिसरीन हवेतील ओल धरून ठेवते आणि शाईला वाळू देत नाही. तथापि हाच उपाय पुढे घात करतो. जूनमध्ये हवेत ओल भरली की ग्लिसरीन ती शोषत राहते, शाई कागदावर ओलीच राहते आणि मग आपण कागदाला नावे ठेवतो. ज्यांना ग्लिसरीन वापरायचेच असेल त्यांनी उन्हाळ्यासाठी वेगळी गादी ठेवावी, तिच्या झाकणावर तसे लिहावे आणि मृग नक्षत्र लागले की ती कपाटात बंद करावी. एकच गादी बारा महिने वापरण्याच्या काटकसरीपायी कार्डांचा जितका कागद वाया जातो, त्यात दोन गाद्या सहज येतील.

कूलरविषयी वेगळे सांगायला हवे, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात त्याच्यासमोर बसल्याशिवाय कोणाचेच काम होत नाही. कूलरचा झोत ठशावरील शाई झपाट्याने वाळवतो. त्याच वेळी त्या झोतातील ओल कागदाच्या वरच्या बाजूला लागते आणि जाड कागदसुद्धा तासाभरात कडांनी वळतो. वळलेल्या कागदावर सपाट ठसा कधीच पूर्ण टेकत नाही. छपाईपुरता कूलर दुसरीकडे वळवावा आणि न छापलेली कार्डे जड पुस्तकाखाली दाबून ठेवावीत.

नव्या खोडरबरावर शाई का धरत नाही

आपल्याकडील बहुतेक ठसे खोडरबर कोरून केलेले असतात, कारण ते स्वस्त असते, कटरने सहज कापले जाते आणि लिनोपेक्षा हाताला सोपे जाते. पांढरे मऊ खोडरबर मात्र प्लास्टिकच्या जातीचे असते आणि ते मऊ राहावे म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळलेले असते. नव्या खोडरबराच्या गुळगुळीत पृष्ठभागावर त्याचा अंश असतो, त्यावर पाण्याची शाई थेंबाथेंबाने गोळा होते आणि छापेत माशाच्या खवल्यांसारखे डाग दिसतात. भांडी घासण्याच्या साबणाने ठसा हलक्या हाताने धुवावा, वाळवावा आणि बारीक पॉलिश पेपरवर गोल फिरवत दोन-तीनदा घासावा. पृष्ठभागाची चकाकी गेली की शाई सारखी धरते. कोरण्याआधीच घासलेले अधिक बरे, कारण नंतर घासल्यास बारीक रेषांच्या कडा बोथट होतात.

असे ठसे प्लास्टिकच्या डब्यात एकमेकांना लावून ठेवू नयेत. त्यांच्यातील ते मऊ करणारे द्रव्य शेजारच्या प्लास्टिकमध्ये उतरते, दोन्ही एकमेकांना चिकटतात आणि ओढून काढताना कोरीवकाम फाटते. प्रत्येक ठसा कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवला की हा प्रश्न उरत नाही. कचेरीच्या आवारात शिक्के करून देणाऱ्यांकडून करवून घेतलेल्या रबरी ठशांच्या बाबतीत दुसरी काळजी घ्यावी लागते. धातूच्या शिक्क्यांसाठी मिळणारी तेलकट शाई आणि साफ करण्यासाठी सर्रास वापरले जाणारे रॉकेल किंवा थिनर यांनी रबर फुगते, त्याच्या कडा गोल होतात आणि मग छाप कायमची जाडसर येते.

दाबाविषयी थोडक्यात. मध्यभाग पुसट आणि कडा गडद येत असतील, तर कागदाखाली वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या ठेवाव्यात, म्हणजे कागद किंचित दबून ठशाच्या प्रत्येक भागाला भिडतो. आकृतीभोवती पुसट सावली येत असेल, तर ठसा दाबताना डोलतो आहे किंवा कोरलेल्या खोलगट भागात उरलेल्या कंगोऱ्यांना शाई लागते आहे. ते कंगोरे काढून टाकावेत, ठसा सरळ वरून दाबावा आणि सरळच उचलावा.

श्रावणात फुटणारी शाई

पावसाळ्यात कागद हवेतील ओल पितो, त्यामुळे त्यावर पडलेली शाई जागच्या जागी न मुरता तंतूंच्या वाटेने पसरते. हातकागदात हे सर्वाधिक होते. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना लागणाऱ्या कागजीपुऱ्याशी हातकागदाचे नाते मोहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला हलवली त्या काळापासून सांगितले जाते. त्यामुळे मराठवाड्याच्या कार्डांना हातकागद हवा असा अनेकांचा आग्रह असतो आणि तो मला पटतो. पण पूर्वी लेखनासाठी केलेला हातकागद नुसता वाळवून वापरत नसत. त्याला पिठाची खळ लावत आणि मग गुळगुळीत दगडाने घोटत, तेव्हा कुठे बोरूची रेघ त्यावर न फुटता उमटे. आज बाजारात मिळणारा हातकागद पुष्कळदा पिशव्या, पाकिटे आणि सजावटीसाठी केलेला असतो आणि त्यावर ही शेवटची मेहनत झालेली नसते. ती आपण घरी करू शकतो.

एक चमचा मैदा किंवा कॉर्नफ्लोअर थोड्या गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवावे, ते पेलाभर उकळत्या पाण्यात सोडावे आणि पारदर्शक होईपर्यंत ढवळावे. खळ पातळ हवी. ब्रशवरून ती सलग ओघळली पाहिजे, गोळ्याने पडता कामा नये. गार झाल्यावर कापडातून गाळून रुंद ब्रशने कागदाच्या दोन्ही बाजूंना पातळ हात द्यावा, कारण एकाच बाजूला लावल्यास कागद त्या बाजूने गुंडाळतो. सावलीत वाळवून, किंचित ओल असतानाच वजनाखाली रात्रभर दाबावा. नंतर सपाट पाटावर ठेवून कवडीने किंवा स्टीलच्या वाटीच्या गुळगुळीत बुडाने एका दिशेने घोटावा. घोटलेल्या जागेवर तिरका प्रकाश पाडला तर मंद तकाकी दिसते आणि बोट फिरवल्यास तंतू लागत नाहीत. याच कागदावर पाण्याचा थेंब सोडून पाहावा. आधी क्षणात नाहीसा होणारा थेंब आता थांबतो.

हे काम पावसाळ्यात करण्याचे नाही. खळ लावलेला कागद दमट हवेत वाळत नाही आणि त्यावर बुरशी धरते. वर्षभराचा कागद उन्हाळ्यातच तयार करून ठेवावा, म्हणजे ज्या कोरड्या हवेने छपाई बिघडते तिचाच या कामाला उपयोग होतो. खळीच्या वासाला कसर येते, तेव्हा साठवणीत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवण्यास हरकत नाही. काही जण खळीत तुरटी घालतात. तिने शाई कमी फुटते हे खरे, पण तुरटी आम्लधर्मी असल्याने कालांतराने कागद पिवळा आणि ठिसूळ होतो, म्हणून जपून ठेवण्याच्या कार्डांना ती लावू नये असे मला वाटते.

फुटलेल्या शाईचा सर्वांत मोठा फटका अक्षरांना बसतो. देवनागरीतील काही अक्षरे शिरोरेषेतील एवढ्याशा फटीवर उभी असतात. ‘ध’ची वरची फट शाईने बुजली की तो ‘घ’ होतो आणि कार्डावर ‘घाराशिव’ उमटते. ‘भ’ची फट बुजली की वाचणाऱ्याला तो ‘म’ वाटतो आणि संभाजीनगरचे ‘संमाजीनगर’ होते. अक्षरे कोरताना ही फट पेन्सिलीत दिसते त्याच्या दुप्पट ठेवावी, शिरोरेषा बारीक ठेवावी आणि ‘क्ष’, ‘ळ’ यांच्या पोटातील जागा खोल कापावी. ठसा आरशातील प्रतिमेप्रमाणे उलटा कोरावा लागत असल्याने फट कोणत्या बाजूला येते हे ट्रेसिंग पेपर पालथा घालून आधी पाहून घ्यावे. पावसाळ्यात अक्षरांसाठी गादीवर ठसा दाबण्याऐवजी ठसा कोरलेली बाजू वर करून हातात धरावा आणि त्यावर गादीच हलके थोपटावी, म्हणजे शाई फक्त उंच भागाला लागते आणि फटीत उतरत नाही.

आता लग्नपत्रिकांचा प्रश्न. जुन्या पत्रिकांचा जाड कागद कार्डांसाठी वापरणे ही चांगली कल्पना आहे, पण त्यांची चकचकीत बाजू छपाईला घेऊ नये. त्या लेपात पाण्याची शाई मुरत नाही आणि पिगमेंटची (रंगाची बारीक पूड असलेली, सावकाश वाळणारी) शाई तर तिथे आठवडाभरही ओली राहू शकते. पत्रिकेची आतली, लेप नसलेली बाजू घ्यावी. चकचकीत बाजूच हवी असेल, तर ओल्या पिगमेंट शाईवर एम्बॉसिंग पावडर (तापवल्यावर वितळून उठावदार होणारी पूड) भुरभुरावी, जादा पावडर झटकावी आणि हीट गनने, म्हणजे अतिशय गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने, ती वितळवावी. केस वाळवण्याच्या यंत्राची उष्णता यासाठी सहसा पुरत नाही आणि त्याच्या झोताने पावडर उडून जाते.

छापेवर नंतर रंग भरायचा असेल, तर शाई आणि रंग एकाच द्रवात विरघळणारे नसावेत. पाण्याच्या शाईवर जलरंगाचा कुंचला फिरवला की पैठणीच्या मोराची काळी बाह्यरेषा विरघळून पिसाऱ्यात उतरते आणि सगळा मोर राखाडी होतो. जलरंग भरायचा तर बाह्यरेषा जलरोधक शाईने छापावी. अल्कोहोलचे मार्कर वापरायचे तर स्पिरिटची शाई टाळावी. रंगीत पेन्सिलींना हे बंधन नाही आणि पावसाळ्यात मी त्यांचीच शिफारस करीन.

पाकिटात घालण्यापूर्वी

छापलेली कार्डे एकावर एक न रचता निदान एक पूर्ण दिवस सुटी वाळू द्यावीत, पावसाळ्यात दोन दिवस. दिव्याखालील टेबलावर किंवा फ्रिजच्या माथ्यावर ती लवकर वाळतात. त्यानंतर छापेवर पांढरा कागद ठेवून बोटाने दाबून उचलावा. कागदावर रंग आला, तर कार्ड अजून तयार नाही. शाई पाण्याची असेल, तर कार्डावर कोरा कागद ठेवून मंद गरम इस्त्री काही क्षण टेकवल्यानेही ओल जाते.

टपालाच्या थैलीत पाकिटांच्या गठ्ठ्याचा भार पडतो आणि समोरासमोर ठेवलेली कार्डे एकमेकांवर घासतात. प्रत्येक दोन कार्डांमध्ये बटर पेपरचा तुकडा घालावा आणि कार्डे पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये धरून पाकिटात भरावीत. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी प्लास्टिकच्या पिशव्या टाळाव्यात, कारण त्यातील द्रव्य शाईला सैल करते आणि छाप पिशवीच्या आतल्या बाजूला चिकटून बसते. कडक, खुळखुळणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या त्या मानाने सुरक्षित असतात. कार्डाच्या पाठीवर नाव, तारीख आणि संचातील क्रमांक, उदाहरणार्थ ३/९, लिहिण्याची पद्धत आहे. तो मजकूरही बॉलपेनने किंवा पेन्सिलीने लिहावा. जेलपेनची शाई याच सर्व दोषांना बळी पडते.

एवढे करूनही सहाही चाचणी-छापांत दोष त्याच जागी येत राहिला, खोडरबर कडक होऊन त्याला भेगा पडल्या, किंवा रबराच्या कडा रॉकेलने गोल झाल्या असतील, तर तो ठसा बाजूला ठेवावा आणि त्याच्या आधीच्या एखाद्या चांगल्या छापेवरून ट्रेसिंग काढून नवा कोरावा. यासाठी ठसा नवा असताना झेरॉक्स कागदावर काढलेली एक स्वच्छ छाप, शाईचे नाव आणि तारीख लिहून, ठशाच्याच खोक्यात ठेवलेली बरी.